मनकर्णामावशी फ्लेक्स वाचते

आमच्या खर्ड्यात राजकारण कुणाला पेपर वाचून कळतं असं समजू नका. पेपरात नेत्यांनी लिहून पाठवलेलंच छापून येतं. खरं राजकारण कळतं ते चौकातल्या फ्लेक्सवरून, आणि तो फ्लेक्स मी बनवतो. मी अजिनाथ. स्टँडसमोर दुकान आहे माझं. बारा वर्षं झाली, माणसांची मुंडकी कापून निळ्या आभाळावर चिकटवतोय. एवढं करूनही सांगतो, माझाच फ्लेक्स मला जेवढा कळत नाही तेवढा खडकवस्तीच्या मनकर्णामावशीला कळतो. आणि तिला अक्षर म्हणाल तर एक ओळखता येत नाही. सहीच्या जागी अंगठा.

साठीची बाई. अंगानं काटक, आणि आवाज असा की स्टँडवर बोलली तर किल्ल्यात ऐकू जाईल. दिवाळी झाली की कोयता घेऊन कोपरगावकडच्या कारखान्याला जायची. आधी नवऱ्याबरोबर, नवरा गेल्यावर दिराच्या टोळीबरोबर. गुडघे गेल्यामुळं आता दोन वर्षं घरीच आहे. पण त्या तीस-पस्तीस वर्षांत ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांवर बसून तिनं इथपासून गोदावरीपर्यंतचे सगळे बोर्ड बघितले. वाचता येत नाही म्हटल्यावर माणूस चित्रच बघणार. आपल्यासारखी शिकलेली माणसं अक्षरं वाचतात आणि तिथंच फसतात. 'विकासपुरुष' लिहिलं की आपण मान डोलावून पुढं जातो. मावशीच्या वाटेत ते अक्षर येतच नाही, त्यामुळं तिला सरळ पुरुष दिसतो.

पहिल्यांदा ती माझ्या दुकानाच्या पायरीवर जीपची वाट बघत टेकली. मी सूर्यभानदादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स वाळायला बाहेर टांगला होता. सूर्यभानदादा म्हणजे शेजारच्या पांढरेवाडीचे युवा नेते. वय बावन्न. त्यांच्या पत्नी सत्यशीलाताई पांढरेवाडीच्या सरपंच आहेत, म्हणजे जागा बाईची निघाली म्हणून ताई सरपंच आणि दादा कारभारी. खडकवस्ती ह्याच गावात मोडते.

मावशीनं फ्लेक्स वरून खालपर्यंत बघितला आणि मला म्हणाली, "ह्या दोघांचं वाजलंय व्हय रं?"

"कुणाचं?"

"ह्या मधल्याचं आन् त्या मिशीवाल्याचं. गेल्या साली खांद्याला खांदा लागला हुता. ह्या साली मधी आभाळ आलंय."

मिशीवाला म्हणजे उपसरपंच पुंजाराम. मी म्हटलं, "मावशी, जागा होती म्हणून सरकवला."

"जागा तू ठिवली, का कुनी ठिवायला सांगितली?"

मी फ्लेक्सची दोरी नीट करायला लागलो. कारण दादांच्या माणसानं आदल्या दिवशीच सांगितलं होतं, त्याला जरा कडेला घे. पंधरा दिवसांत पुंजाराम दुसऱ्या गटात गेला आणि पेपरात 'अनपेक्षित राजकीय भूकंप' म्हणून बातमी आली. डोंबलाचा भूकंप! मावशीला माझ्या पायरीवर बसून कळला होता.

आमच्या धंद्यात हे असंच चालतं. तुम्हाला वाटत असेल फ्लेक्स म्हणजे फोटो चिकटवले की झालं. अहो, माणसं दुकानात येऊन कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोटं लावून आपलं डोकं मोजतात. "माझं डोकं त्याच्यापेक्षा दोन बोटं बारीक कसं?" असं विचारणारा माणूस माझ्यासमोर रडलेला आहे. वरच्या ओळीत कोण, गोलात कोण, खाली मेथीच्या जुडीसारख्या कोंबलेल्या बारक्या मुंडक्यांत कोण, ह्यावरून सख्ख्या भावांची बोलाचाली बंद झालीय. आणि ही सगळी भांडणं मावशी रस्त्यावरून चालता चालता वाचायची.

बाजारच्या दिवशी मग चौकात तिच्याभोवती माणसं जमायला लागली. ती बोट दाखवून सांगायची, "हात जोडलाय त्येला अजून काय तरी पायजे. हात वर केलाय त्येला मिळालंय. छातीवर हात ठिवलाय त्येचं गेलंय, त्ये परत मागतोय."

"आणि ह्यो कानाला मोबाईल लावलेला?"

"त्येला वाटतंय आपुन लई कामाचं दिसतोय. वाढदिवसाला घरची मानसं दारात उभी, आन् ह्यो भलत्याशीच बोलतोय."

"आणि गॉगल?"

"कुनाकडं बघतोय ते बायकूला कळू नये म्हनून." माणसं पोट धरून हसायची. एकदा कुणी परगावच्या माणसानं विचारलं, ह्यातल्या सरपंच कोण? बोर्डावर दादा डोक्यापासून पायापर्यंत, वाऱ्यावर चालत निघालेले, आणि सत्यशीलाताई कोपऱ्यातल्या गोलात. मावशी म्हणाली, "ती लिंबाएवढी हाय न्हवं का, ती सरपंच. चालत निघालाय त्यो नवरा." ताई तेव्हा मागंच भाजी घेत होत्या. पदर तोंडाला लावून त्याही हसल्या, मी डोळ्यांनी बघितलं.

मध्यंतरी नगरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक पोरं घेऊन किल्ला बघायला आले होते. त्यांनी मावशीला ऐकलं आणि किल्ला राहिला बाजूला. म्हणाले, ह्याचं मोठं शास्त्र आहे, चिन्हशास्त्र म्हणतात. चित्रात दिसतं एक आणि ते सांगत असतं दुसरं, ह्यावर परदेशात जाडजाड पुस्तकं आहेत. मावशीनं विचारलं, "एवढं कळायला पुस्तक लागतं?" प्राध्यापकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पोरांना म्हणाले, हे परीक्षेला येऊ शकतं.

माझ्या दुकानावर माझाही एक बोर्ड आहे. त्यात मी हनुवटीला हात लावून लांब कुठंतरी बघतोय. चांगला विचारवंत दिसतो, असं माझं मत होतं. मावशी त्याखाली थांबली आणि म्हणाली, "अजिनाथ, तू दाढदुखीचं औषीद बी ठिवतो का रं?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर अशी हसली, अशी हसली की डोळ्यांतनं पाणी आलं. एक हात पुढं केलेला, तोंड उघडं, सगळा चेहरा हसतोय. माझ्या हातात मोबाईल होता. मी पटकन फोटो काढला. खरं सांगतो, बारा वर्षांत एवढं चांगलं हसू माझ्या मोबाईलमध्ये दुसरं आलं नाही.

त्याच हसण्यानं पुढं सगळा घोटाळा केला. हसण्यानं कसला, मी केला.

पांढरेवाडीला नळाची योजना आली. टाकी झाली, गावात पाणी आलं. खडकवस्ती लांब माळावर, अकरा घरांची. तिथं प्रत्येक दारात सिमेंटचा ओटा झाला, ओट्यावर नळ बसला, नळाला पिवळी तोटी लागली. टाकीपासून वस्तीपर्यंतचा पाईप तेवढा टाकायचा राहिला. म्हणजे पाणी ज्यातनं येतं ते सोडून बाकी सगळं झालं. बाया आपल्या पहिल्यासारख्याच दीड किलोमीटरवरच्या विहिरीवरनं हंडे आणत होत्या, आणि घरी आल्यावर ते नव्या ओट्यावर ठेवत होत्या. ओट्याचा उपयोग झाला नाही, असं म्हणता येत नाही.

दादांना बोर्ड पाहिजे होता. 'पाणी आले दारी'. मला म्हणाले, "अजिनाथ, एक बाई टाक. आपल्यातली वाटली पाहिजे. हसरी पाहिजे, पण अशी हसरी की बघणाऱ्याला वाटावं, पाणी दादांमुळंच आलं." मी कॉम्प्युटरवर आनंदी ग्रामीण महिला शोधली. लाल लिपस्टिक लावलेली एक पोरगी मिळाली, चकचकीत कळशी लेकराला घ्यावं तशी उराशी धरलेली. ही बाई आमच्या माळावर आली असती तर कुत्री मागं लागली असती. मग मला मावशीचा फोटो आठवला. माझ्या पायरीवरनं तिला कापून घेतली. पुढं केलेल्या हाताखाली एक नळ बसवला, तो कुठल्या तरी बाथरूमच्या जाहिरातीतला. त्यातनं पाणी सोडलं, ते एका धबधब्याचं. खाली स्टीलचा हंडा ठेवला. दहा मिनिटांत बाई सुखी झाली. मावशीला विचारलं का? विचारायचं मनातसुद्धा आलं नाही, खोटं कशाला बोलू.

बाजारच्या दिवशी मावशीनं तो बोर्ड बघितला. माणसं तिच्या तोंडाकडं बघत होती. ती बराच वेळ बघून म्हणाली, "बाई सुखी दिसतीय. कुठं ऱ्हाती?" सगळे हसले. मग माझ्याकडं येऊन म्हणाली, "आरं लेका, मी तुझ्या दाढदुखीवर हसत हुते. आता लोकांला वाटतंय मी पान्यावर हसतीय."

"छान आलाय की फोटो, मावशी."

"आलाय छानच. पर सावली बघ. माजी हिकडं पडलीय आन् हांड्याची तिकडं. पांढरेवाडीत दोन सूर्य उगावत्यात का?" आम्ही दोघंही हसलो. तेव्हा गंमतच वाटली.

मार्चच्या शेवटी विहीर आटायला लागली, तशा वस्तीवरच्या बाया पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेल्या. पुढं मावशी, कारण आवाज तिचा. पाईप कवा टाकताय, एवढंच विचारायचं होतं. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटर तिच्याकडं फिरवला. त्यात 'खडकवस्ती, काम पूर्ण, लाभार्थी समाधानी' असं लिहिलेलं, आणि खाली मी बनवलेला तो फोटो. दादांनी बोर्डावरचं चित्र पुरावा म्हणून जोडलं होतं. "ह्या तुम्हीच ना?" साहेबांनी विचारलं. मावशी म्हणाली, व्हय, मीच. "मग पाणी तर समोर दिसतंय. हसताय पण तुम्ही. आता आणखी काय पाहिजे?"

तिथनं ती सरळ माझ्या दुकानात आली. पायरीवर बसली. मला वाटलं आता शिव्या देणार, मी तयारही होतो. पण ती हळू आवाजात बोलली.

"अजिनाथ, त्येंनी माझ्याच तोंडानं मला न्हाई म्हनलं. अकरा घरच्या बाया माझ्याकडं बघत हुत्या. त्येंला वाटलं, म्हातारीनं काय तरी घेतलं आन् फोटू दिला. माझी जाऊ येताना माझ्याशी बोलली न्हाई रं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा मागवला, तो तिनं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मी मूळ फोटो घेऊन त्याच ऑफिसात गेलो. पायरी, मावशी, हसू. नळ नाही, पाणी नाही. साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले.

"ह्यातला खरा कुठला?"

"हा साहेब, बिगर पाण्याचा."

"ह्यातनं पाणी काढून टाकलेलं दिसतंय."

"काढलं नाही साहेब, मुळात नव्हतंच. त्या दुसऱ्यात मी टाकलं."

"म्हणजे तुम्ही फोटोत फेरफार करता. मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" साहेब खुर्चीत मागं रेलले. "ह्या फोटोवर योजनेचं नाव आहे, गावाचं नाव आहे, तारीख आहे. तुमच्या फोटोवर काय आहे? एक बाई पायरीवर हसतीय. कशाला हसतीय, ह्याचा पुरावा काय?"

आता मी सरकारी ऑफिसात दाढदुखी कशी सांगणार? माझा खरा फोटो खोटा ठरला आणि खोटा फोटो फाईलमध्ये जाऊन बसला. निघताना साहेबांनी तेवढं सांगितलं की मे महिन्यात जिल्ह्यावरून एक मॅडम पाहणीला येणार आहेत. त्यांनी 'पाणी नाही' लिहिलं तरच खडकवस्तीची फाईल पुन्हा उघडेल. त्यांनी 'आहे' लिहिलं तर कायमची बंद. मी हे जसंच्या तसं मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "बघू."

मॅडम येणार हे दादांनाही कळलं होतं, आमच्या आधी. त्यांनी त्याच दिवशी, मावशीच्याच दारात नळाचं लोकार्पण ठेवलं. फोटोला मला बोलावलं. मावशी चौकात सगळ्यांना 'फोटोतली बाई' म्हणून पाठ झाली होती, म्हणून दादांना तीच पाहिजे होती. त्या दिवशी सकाळी मी माळावर गेलो तर तयारी बघण्यासारखी. मांडव, खुर्च्या, नळाला झेंडूचा हार, आणि बाजूला मीच छापलेला वीस फुटी फ्लेक्स बांबूवर ताणून उभा.

मावशी उंबऱ्यात बसून हे सगळं बघत होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "फ्लेक्स नळाच्या पाठीमागं पायजे हुता का न्हाई? मंजी फोटूत आला आसता. ह्यो बाजूला उभा केलाय. मंजी दाखवाया न्हाई, झाकाया केलाय. आन् त्येच्याखाली बघ, कुत्रं पानी पितंय. हितं माळावर कुत्र्याला पानी कुठनं आलं?"

मी लघवीला जातो म्हणून मागं जाऊन आलो. टेम्पो उभा होता, त्यावर पाचशे लिटरची काळी टाकी, आणि टाकीतनं मातीखालनं नळापर्यंत नेलेली रबरी नळी. टाकी गळत होती. मॅडम आल्या की तोटी सोडायची, धार दाखवायची, नारळ फोडायचा, चहा पाजायचा आणि गाडीत बसवून द्यायचं, असा बेत.

मी सांगितलं तशी मावशीनं मान हलवली. "मधल्या खुर्चीवर टावेल टाकलाय, म्हंजी मोठं मानूस यायचंय अजून. त्येच्या आधी टाकी मोकळी झाली पायजे."

"कशी होणार? दादा मॅडमशिवाय तोटी सोडणार नाहीत."

"सोडतोय का न्हाई बघ. बाई आल्यावर मधी कोन उभं ऱ्हानार? बाईच. मग ह्येचा फोटू कडंला येनार. त्ये ह्येला सोसायचं न्हाई."

आणि तसंच झालं हो! साडेदहाला दादा मला म्हणाले, "अजिनाथ, मॅडम यायच्या आत आपला एक घेऊन टाकू. मी मधे." तोटी सुटली. धार लागली. एका बाजूला मावशी, एका बाजूला सत्यशीलाताई, मधे दादा, खाली हंडा. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मावशीनं डोळे मिटले.

"दादा, मावशीचे डोळे मिटले. परत."

परत घेतला तर तिचा पदर तोंडावर आला. तिसऱ्यांदा ती दादांच्या पोटाकडं बघत राहिली. तेवढ्यात हंडा भरला. मी म्हटलं, "दादा, भरलेला हंडा फोटोत मेलेला दिसतो. भरताना दिसला पाहिजे." लगेच एक बाई भरलेला हंडा घेऊन गेली, दुसरीनं रिकामा लावला. मग तिसरी. मागं अकरा घरच्या बाया हंडे, कळश्या, बादल्या घेऊन ओळीनं उभ्या, आणि दादांना वाटलं गर्दी आपल्यासाठी जमलीय. त्यांना भरून आलं.

"दादा, गॉगल काढा, चमकतोय." काढला. "आता घाला, डोळे बारीक होतायत." घातला. "हात जोडा. नको, हात वर करा. दादा, जरा पुढं या, मोठे दिसाल." मोठं दिसायचं म्हटल्यावर दादा काहीही करतात, त्यांची मापं मीच घेतलीयेत. अर्धा तास गेला. बत्तीस का तेहतीस हंडे निघाले असतील. मावशी प्रत्येक फोटोत काहीतरी घालवत होती आणि तिच्या तोंडावरची रेघसुद्धा हलत नव्हती. शेवटी एकदाचा सगळ्यांचे डोळे उघडे असलेला फोटो आला, तेव्हा नळ खोकला, फुस्स केलं आणि थांबला.

माळाच्या खालून जीपची धूळ दिसली.

दादांनी फ्लेक्सकडं बघून बोटं नाचवली. टेम्पोवाल्यानं मागनं डोकं काढून दोन्ही हात हलवले. संपलं. दादांचा रंग उडाला, आणि सांगायला काय लाज, मला बरं वाटलं.

मॅडम उतरल्या. राजनंदिनीमॅडम, तिशीतल्या, चपला धुळीनं भरलेल्या. टॉवेलच्या खुर्चीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही, सरळ नळापाशी आल्या, तोटी फिरवली. हवा. दादा म्हणाले, "पाईपमध्ये हवा अडकली असेल मॅडम, आत्ताच चालू होतं. चहा घ्या तोवर."

"पाईप कुठून आणलाय?" दादांनी चहाचा कप पुढं केला. मॅडम पायानं माती सारत रबरी नळीच्या मागं चालत गेल्या आणि फ्लेक्समागनं टेम्पो बघून आल्या. पुन्हा तोच प्रश्न. दादा घसा खाकरत होते. तेवढ्यात सत्यशीलाताई म्हणाल्या, "पाईप टाकलाच नाही मॅडम. मी सरपंच आहे, मला माहीत आहे." दादा बायकोकडं असे बघत राहिले, ही बाई आहे कोण म्हणून.

मॅडमनी वहीत लिहिलं, पाणी नाही. मग मला म्हणाल्या, "तुमचा कॅमेरा चांगला आहे. बंद नळाशेजारी लाभार्थ्याचा एक फोटो काढून द्या, तो जोडावा लागतो."

मावशी नळाशेजारी उभी राहिली, पण तिला हसू आवरेना. अकरा घरांत पाणी भरलं होतं, दादांचं तोंड समोर होतं, जाऊ सकाळपासून तिच्याशी बोलत होती. ती खुदुखुदु हसतच राहिली. मॅडम कासावीस झाल्या. "मावशी, हसू नका हो. वर बसलेला माणूस माझं लिहिलेलं वाचत नाही, फोटो बघतो. हसरा चेहरा दिसला की पुन्हा समाधानी म्हणून टाकेल. जरा रडवेलं तोंड करा."

मी कॅमेरा खाली घेतला. त्या बाईचं खरं होतं. एकदा ह्याच हसण्यानं फाईल बंद झाली होती.

मावशीचं हसू एकदम गेलं. "खरं हाय ते दावाया बी सोंगच आनायचं का?" ती म्हणाली. रागानं नाही, दमून म्हणाली. मग आमच्याकडं पाठ करून ओट्यावर बसली आणि दोन्ही हातांनी डोक्यावरचा पदर काढला.

वस्तीवरच्या बायांनी माना खाली घातल्या. मावशीला उघड्या डोक्यानं कुणी बघितलं नव्हतं, दिराच्या समोर तर कधीच नाही. टाळूवर तळहाताएवढा गोल होता. तिथं एक केस नाही. कातडं काळं, जाड, घासून चकचकीत झालेलं आणि मधे खळगा पडलेला.

"चवदाव्या वर्सी लगीन झालं, तवापासून हांडा हितं बसतोय," ती पाठमोरीच म्हणाली. "ह्येचा काढ फोटू. ह्येला हसता बी येत न्हाई आन् रडता बी येत न्हाई."

मी काढला. एखादा हलला तर असावा म्हणून तीन काढले. तिच्या डोक्यापलीकडं कोरडी तोटी आली होती, त्यावरचा हार वाकडा झाला होता, सगळं होतं तसं राहू दिलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मॅडमनी फोटो बघितला आणि मावशीचा पदर स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावर घेतला.

फाईल उघडली. पाईप जुलैत पडला. पाणी दिवसाआड येतं, पण येतं.

पाणी आल्याच्या तिसऱ्या दिवशी दादांचा फोन. आवाजात पहिल्यासारखाच उत्साह. "अजिनाथ, खडकवस्तीचं पाणी आणलं बाबा आपण! बोर्ड टाकायचाय. तो मॅडमच्या रिपोर्टातला मावशीचा फोटो लोकांच्या मोबाईलवर लई फिरतोय, तोच घे. नळातनं धार सोड. आणि एवढं कर, तिच्या डोक्यावर केस टाक. ते तसलं बरं दिसत नाही."

बारा वर्षांत मी दादांना कधी नाही म्हटलं नव्हतं. टकलांना केस दिलेत मी, पोटं आत घेतलीत, काळ्यांना गोरं केलंय.

"ते केस हंड्यानं नेलेत, दादा," मी म्हटलं. "मला नाही टाकता यायचे." आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत फोन ठेवून दिला.